मालिकेतला ताण आणि एलीयाची झोप

"डॉक्टर, टेन्शन फार झाले आहे, झोपेची एखादी गोळी लिहून द्या," असे म्हणणारा एक तरी रुग्ण रोज दवाखान्यात येतोच. पुष्कळदा शेजाऱ्याने दिलेली अर्धी पट्टी त्याने आधीच संपवलेली असते. ताण आला की काय करावे हे शाळेत शिकवत नाहीत. पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून माणूस शिकत असे, आता बरेचसे टीव्हीवरच्या मालिका पाहून शिकतो. म्हणून मालिकेतली पात्रे ताणाला कसे तोंड देतात, हा विषय आरोग्याच्या सदरात बसतो असे मला वाटते.

या बाबतीत मला विचार करायला लावणारी मालिका इंग्रजी आहे. बीबीसीची 'कॉल द मिडवाइफ' २०१२ साली सुरू झाली. जेनिफर वर्थ या परिचारिकेच्या आठवणींवर ती आधारलेली आहे. १९५७ सालच्या लंडनमधील पॉपलर ही गोदी कामगारांची वस्ती, तिथे अँग्लिकन जोगिणींचा मठ आणि त्यांच्याबरोबर सायकलवरून बाळंतपणे करत फिरणाऱ्या सुईणी. माझ्या मुलीने ती मला लावून दिली. मी स्वतः ख्रिस्ती घरातला, त्यामुळे इतरांपेक्षा थोड्या वेगळ्या नजरेने पाहिली असेन.

या मालिकेत धर्माची माणसे ताणापासून सुटलेली दाखवलेली नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ट्रिक्सी नावाची हसरी, नटवी परिचारिका दिवसभराचा शीण संध्याकाळी पेल्यात बुडवते. धर्मगुरू असलेल्या तरुणाशी ठरलेले लग्न मोडते आणि पिणे वाढत जाते. दारूने झोप लवकर लागते हे खरे, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशीचा शीण दुप्पट होतो. हे चक्र आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहे. ट्रिक्सी शेवटी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीवर एका ख्रिस्ती गटाचा प्रभाव होता. आपली दुर्बलता दुसऱ्या माणसासमोर उघड बोलून दाखवायची, हा तिचा पाया. याकोबाच्या पत्रातही एकमेकांजवळ पापे कबूल करण्याचा उपदेश आहे. तिचे गट आपल्या महाराष्ट्रातही चालतात, आणि तिथे कोणत्याही धर्माचा माणूस बसू शकतो.

दुसरे पात्र डॉक्टर टर्नर. युद्धानंतर त्यांना मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहावे लागले होते आणि ते त्यांनी लपवून ठेवलेले असते. पुढे गरोदर स्त्रियांना उलट्यांवर दिलेल्या थॅलिडोमाइडमुळे बाळे व्यंग घेऊन जन्मली हे कळल्यावर त्यांच्यावर जो भार येतो, तो कोणाही डॉक्टरने पाहावा. (हे औषध ब्रिटनमध्ये खरोखरच १९५८ पासून विकले जात होते आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले.) सुरुवातीच्या भागांत हे गृहस्थ ताण आला की सिगारेट पेटवतात. त्या काळाचे ते चित्र खरे आहे, अनुकरण मात्र नको.

तिसरी सिस्टर मेरी सिंथिया. तिच्यावर रात्री हल्ला होतो, त्याचा घाव मनात खोल जातो आणि शेवटी तिला मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागते. व्रतस्थ, प्रार्थनेत जगणारी स्त्री! "तिची श्रद्धा कमी पडली" असे मालिका कुठेही म्हणत नाही.

आपल्या मंडळ्यांत मात्र ते वाक्य ऐकू येते. माझ्या एका रुग्ण बाईंनी नैराश्यावरच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, कारण कोणीतरी सांगितले की गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास. तीन आठवड्यांत त्यांनी अन्न सोडले. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्या बंद करायच्या तर डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन सोडून प्रार्थना करा असे आपण सांगत नाही. मग मेंदूच्या आजारालाच वेगळा न्याय का?

आणि वाचकहो, पवित्र शास्त्रात तरी काय आहे? एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी समोर ठेवले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. उपदेशाची वेळ पुष्कळ नंतर आली, आणि मग अलीशा हा सोबतीही मिळाला. थकलेल्या माणसासाठी मी याहून चांगले प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाही. ईयोब देवाशी भांडतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले, म्हणजे त्यालाही सोबत हवी होती. तिथे त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता हे लूकच लिहितो, आणि लूक हा वैद्य होता.

मालिकेतल्या मठात एक साधी गोष्ट रोज दिसते. ठरलेल्या वेळी प्रार्थना, एकत्र जेवण, रात्रीच्या उपासनेनंतर मौन. वेळेवर जेवण, झोप आणि माणसांत बसणे याने शरीराची धोक्याची घंटा, म्हणजे अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोलचा मारा, हळूहळू शमतो. प्रार्थनेचाही त्यात वाटा आहे असे मी मानतो. प्रत्येक संकटावर चहाची किटली आणि तासाभरात सुटलेला प्रश्न हा मालिकेचा लटका भाग, तो सोडून द्यावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशात रस वाटेना, रडू आवरेना किंवा जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर घरच्यांनी थांबू नये. पाळकांनीही अशा माणसाला प्रार्थना करून डॉक्टरकडे पाठवावे, स्वतः बरोबर आले तर फारच चांगले. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.