विश्लेषण : काडतुसातला दाब घरच्या टेबलावर वाढवता येतो, पण मोजायचा कसा?

स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरची शिटी होते, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पीएसआयने जास्त असतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाचे काडतूस उडते, तेव्हा नळीच्या मागच्या भागात, म्हणजे चेंबरमध्ये, हाच आकडा ३५ हजार पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. कुकरच्या दोन हजार पटींहून अधिक. शिवाय कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पिस्तुलाला नसतो. तरीही अमेरिकेत हौशी नेमबाज घरच्या टेबलावर काडतुसे भरतात आणि त्यातले काही जण हा दाब आणखी वाढवू पाहतात. रीलोडिंगचे व्हिडिओ आता मराठी प्रेक्षकांच्या मोबाइलवरही येतात. हे काम वाटते तितके सरळ का नाही, याचा हा आढावा.

हँडलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत धूरविरहित दारू आणि पुढच्या टोकाला गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते आणि ती पुन्हा वापरता येते. पुंगळी साफ करून मूळ मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, दारू मोजून भरणे आणि गोळी दाबून बसवणे, याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी मात्र लागतो. बहुतेक जण हे पैसे वाचवण्यासाठी, नेम सुधारण्यासाठी किंवा उलट कमी धक्क्याची सौम्य काडतुसे बनवण्यासाठी करतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे, ज्यांना कारखान्यातल्यापेक्षा जास्त जोर हवा असतो.

‘प्लस पी’ हा काय प्रकार आहे?

अमेरिकेत काडतुसांची मापे आणि दाबाच्या मर्यादा ‘सामी’ ही शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची संस्था ठरवते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने काही काडतुसांसाठी दोन मर्यादा ठेवल्या आहेत. एक नेहमीची आणि दुसरी जास्त दाबाची, म्हणजे ‘+पी’. नऊ मिलिमीटरसाठी नेहमीची मर्यादा ३५ हजार पीएसआय, तर +पीची ३८,५००. .४५ एसीपीसाठी २१ हजार आणि २३ हजार. .३८ स्पेशलसाठी १७ हजार आणि २० हजार. बाजारात ‘+पी+’ असा शिक्काही दिसतो, पण त्यासाठी सामीची कोणतीही मर्यादा ठरलेली नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दाब म्हणजे ताकद नव्हे. नेमबाजीच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या चिमुकल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची मर्यादा २४ हजार पीएसआय आहे, म्हणजे भल्यामोठ्या .४५ एसीपीपेक्षा जास्त. दाब फक्त एवढेच सांगतो, की पुंगळी आणि चेंबर यांच्यावर किती ताण येणार आहे.

दाब वाढवून हाती काय लागते?

नऊ मिलिमीटरमध्ये +पी म्हणजे दहा टक्के जास्त दाब. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक क्षणी दाब दहा टक्के जास्त राहिला, असे गृहीत धरले तरी गोळीची ऊर्जा दहा टक्के वाढते आणि वेग वाढतो तो जेमतेम पाच टक्के, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. केवळ सर्वोच्च बिंदू वाढला आणि पुढचा दाब तसाच राहिला, तर फायदा त्याहूनही कमी. ताण मात्र पूर्ण दहा टक्क्यांनी वाढतो.

तरीही मोह का होतो?

याचे एक कारण स्पर्धा आहे. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये ‘पॉवर फॅक्टर’ मोजतात. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोन्हींचा गुणाकार भागिले हजार. हा आकडा १६५ किंवा जास्त असला, तर स्पर्धक ‘मेजर’ गटात मोडतो आणि लक्ष्याच्या कडेला लागलेल्या गोळीलाही त्याला जास्त गुण मिळतात. १२४ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमची नऊ मिलिमीटर गोळी ११५० फूट वेगाने गेली, तर आकडा १४३ च्या आसपास येतो. १६५ गाठायला तीच गोळी १३३१ फुटांवर न्यावी लागते. वेग सोळा टक्के जास्त, पण ऊर्जा जवळपास ३४ टक्के जास्त. ‘ओपन’ विभागातले अनेक स्पर्धक हे साधण्यासाठी स्वतः काडतुसे भरतात आणि ती +पीच्या मर्यादेपलीकडे जातात. त्यासाठी ते बहुधा खास बांधलेली पिस्तुले वापरतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्यांचे आकडे पाहून कुणी तेच काडतूस दुकानातून आणलेल्या साध्या पिस्तुलात घालतो.

नेमके बिघडते कुठे?

धूरविरहित दारूचा एक गुणधर्म इथे महत्त्वाचा आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारू पाच टक्के वाढवली म्हणून दाबही पाचच टक्के वाढेल, असे होत नाही. पिस्तुलाच्या पुंगळीत मोकळी जागा आधीच कमी असते. गोळी ठरल्यापेक्षा थोडी खोल बसली किंवा पिस्तुलात चढताना आपटून मागे सरकली, तर ती जागा आणखी आक्रसते आणि दारू तेवढीच असूनही दाब झपकन चढतो. मर्यादेच्या बऱ्याच खाली भरलेले काडतूस अशी चूक पोटात घालू शकते. मर्यादेवर भरलेल्या काडतुसात तेवढी जागाच उरत नाही.

दुसरा धोका दुहेरी भरणीचा. पिस्तुलासाठीच्या झटपट जळणाऱ्या काही दारू इतक्या कमी लागतात, की पुंगळी अर्धीही भरत नाही. फोन वाजला, लक्ष विचलित झाले आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तर ती वरून सांडतही नाही. गोळी बसवली, की बाहेरून सगळे नेहमीसारखेच दिसते.

तिसरा मुद्दा पुंगळीच्या आधाराचा. पिस्तुलात काडतूस खालून वर सरकावे म्हणून चेंबरच्या तोंडाशी उतार असतो. त्या जागी पितळेला मागून पोलादाचा पूर्ण आधार मिळत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला, की पुंगळी तिथे फुटते आणि तप्त वायू मुठीच्या आणि चेहऱ्याच्या दिशेने येतो.

धोक्याची खूण आधी दिसत नाही का?

हीच या छंदातली सर्वांत मोठी फसगत आहे. प्रायमर चपटा झाला, पुंगळी अडकली, की दाब जास्त झाला, असे जुने जाणकार सांगतात. ही चिन्हे मुख्यतः रायफलींच्या अनुभवातून आली आहेत, जिथे दाबाची मर्यादा पिस्तुलापेक्षा खूप वर असते. पिस्तुलात ती दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असू शकते. .३८ स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात तर ती दिसण्याच्या बऱ्याच आधी बंदूक धोक्यात येते.

दाब खऱ्या अर्थाने मोजायला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर बसवलेली चाचणी नळी लागते. दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत ती असते. घरच्या टेबलावर वजनकाटा, कॅलिपर आणि फार तर वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो. जुन्या पुस्तकांतून आणखी एक घोटाळा होतो. पूर्वी तांब्याचा ठोकळा किती चेपला, यावरून दाब मोजत आणि तो ‘सीयूपी’ या एककात लिहीत. तो आकडा पीएसआय समजून वाचला, की सगळा हिशेब चुकतो.

‘बंदूक सोसते की!’ या युक्तिवादाचे काय?

युरोपातील सीआयपी करारातील देशांत प्रत्येक हँडगन विक्रीआधी सुमारे ३० टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने तपासली जाते. यावरून काही जण म्हणतात, की तेवढी सवलत बंदुकीत आहेच. पण ती तपासणी मोजक्या बारांची असते, हजारो बारांची नव्हे. वारंवार ताण आला, की धातू थकतो. आणि ही सवलत चुकीसाठी राखून ठेवलेली असते. रोजच्या वापरात ती खर्च केली, तर चूक होईल त्या दिवशी शिल्लक काय राहणार?

१९३५ मध्ये काय शहाणपण होते?

अमेरिकेतील आयडाहो राज्याचा नेमबाज-लेखक एल्मर कीथ १९२० च्या दशकात .४५ कोल्ट काडतुसात जोर वाढवत होता. १९२५ मध्ये त्याचे रिव्हॉल्व्हर फुटले. पुढे तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरची भिंत जाड होती. उद्योगाने या धडपडीतून वेगळा धडा घेतला. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम बाजारात आले, तेव्हा त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली गेली. हेतू सरळ होता. जास्त दाबाचे काडतूस जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसताच कामा नये. १९५५ मध्ये .४४ मॅग्नमच्या वेळीही हेच केले.

+पीमध्ये हे कुंपण नाही. +पी काडतूस आणि साधे काडतूस मापाने सारखेच असते. फरक सांगतो तो फक्त पुंगळीच्या तळावरचा शिक्का. घरी भरलेल्या काडतुसात तर तोही खोटा ठरतो, कारण शिक्का पहिल्या कारखान्याचा असतो आणि आतला मालमसाला दुसऱ्याचा. ते काडतूस मित्राच्या, मुलाच्या किंवा पुढच्या मालकाच्या पिस्तुलात गेले, तर त्याला कळणार कसे?

मग सुरक्षित मार्ग कोणता?

जिथे हे कायदेशीर आहे, तिथेही उत्तर ‘आणखी कौशल्य’ हे नाही. दारू उत्पादकाने प्रयोगशाळेत तपासून छापलेली आकडेवारी हीच हद्द. सुरुवात तिच्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून. गोळी, प्रायमर, पुंगळी किंवा लांबी यांपैकी काहीही बदलले, तर पुन्हा खालून सुरुवात. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावणे. डब्यावर तारीख आणि तपशील लिहिणे. आपले काडतूस दुसऱ्याच्या हातात न देणे. आणि पिस्तूल उत्पादकाने +पीला परवानगी दिली नसेल, तर विषय तिथेच संपवणे. याहून जास्त जोर हवा असेल, तर त्यासाठीच बनवलेले मोठे काडतूस आणि ते पेलणारी बंदूक घ्यावी. छापील मर्यादेपलीकडे घरी जाण्याला ‘सुरक्षित’ म्हणता येत नाही, कारण जे मोजलेच नाही त्याची ग्वाही कुणी देऊ शकत नाही.

भारतात काय नियम आहेत?

इथे प्रश्न छंदाचा राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही ‘दारूगोळा’च मानली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे व्हिडिओ पाहून साधने मागवण्याचा उत्साह थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावातही लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. काडतूस कारखान्यात बनते, तेव्हा त्या मालाची दाबचाचणी होते आणि पेटीवर लॉट क्रमांक पडतो. काही चुकले, तर तो लॉट परत मागवता येतो. घरच्या टेबलावर एकाच माणसाला उत्पादक, परीक्षक आणि पहिला वापरकर्ता व्हावे लागते. यातले परीक्षकाचे काम करण्याचे साधन त्याच्याकडे नसते.