पदवी उंचावली, खर्च कुणी सोसायचा?

अमेरिकेत जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सरकारी कर्जं आवळली. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज बंद. साध्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वर्षाला 20,500 डॉलरची मर्यादा, ‘व्यावसायिक’ ठरलेल्या पदव्यांना 50,000 ची. व्यावसायिक कुणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या समितीने नोव्हेंबर 2025 मध्ये जी यादी मान्य केली, तिच्यात डॉक्टर, वकील, पशुवैद्य आहेत, धर्मशास्त्रही आहे. खेळाडूंची शरीरं सांभाळणारे ॲथलेटिक ट्रेनर आणि मुलांची मनं सांभाळणारे समुपदेशक त्या यादीत नाहीत. दोन्ही व्यवसायांना पदव्युत्तर पदवी आता सक्तीसारखीच झालेली असताना हे घडलं, म्हणून हा हिशेब जरा मागे जाऊन तपासायला हवा.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये वजनं उचलून घेणारा नव्हे. मैदानाच्या कडेला उभा राहून दुखापत टाळणारा, झाली तर पहिला धावणारा आणि नंतर महिनोन्महिने खेळाडूला पुन्हा उभा करणारा तो माणूस. हार्वर्डने 1881 मध्ये जेम्स रॉबिन्सन यांना अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी नेमलं, तिथून या कामाची सुरुवात धरतात. तेव्हाचा ट्रेनर आपल्या तालमीतल्या वस्तादासारखा होता: हात मालिशचा, औषध स्वतःच्या बाटलीतलं आणि ज्ञान अनुभवाचं. 1905 च्या हंगामात फुटबॉल खेळताना 18-19 जण दगावले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं. खेळाचे नियम बदलले, पण मैदानाच्या कडेच्या माणसाला शिकवण्याचा विचार व्हायला अर्धं शतक गेलं. 1950 मध्ये शंभरेक ट्रेनर कॅन्सस सिटीत जमले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना उभारली. 1959 मध्ये तिचा पहिला अभ्यासक्रम ठरला. त्यात धरलेली गोष्ट अशी की हा माणूस हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचा शिक्षकही असेल.

समुपदेशनाचीही नाळ शिक्षकाशीच जोडलेली. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बोस्टनमध्ये व्होकेशन ब्युरो काढला. कारखान्यांच्या शहरात स्थलांतरितांची पोरं मिळेल त्या कामाला जुंपली जात होती. त्यांनी स्वतःला ओळखावं, कामं समजून घ्यावीत आणि मग निवड करावी, एवढंच पार्सन्सचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं आणि 1911 मध्ये हार्वर्डने या विषयाचा वर्ग सुरू केला. हे काम अंगावर घेतलं ते शाळेतल्या शिक्षकांनीच, आपले तास सांभाळून.

मग 1957 मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि आपल्या शाळा मागे पडल्याच्या धास्तीने अमेरिका हादरली. 1958 च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यात समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला पैसा आला. हेतू हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवण्याचा होता, मुलांच्या दुःखाचा त्यात फारसा विचार नव्हता. तरी त्या कायद्यातली एक तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. विद्यापीठातल्या या वर्गांना येणाऱ्या सरकारी शाळेतल्या शिक्षकाला आठवड्याला 75 डॉलर विद्यावेतन मिळे, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे आणखी 15 डॉलर. शिकणाऱ्या शिक्षकालाही घर चालवायचं असतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

पुढे दोन्ही व्यवसाय शिक्षकाच्या घरातून बाहेर पडले. ॲथलेटिक ट्रेनिंगचे पहिले पदव्युत्तर अभ्यासक्रम 1972 मध्ये ॲरिझोना आणि इंडियाना स्टेट या विद्यापीठांत मान्य झाले. 1990 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा आरोग्यव्यवसाय मानला. 2004 पासून केवळ उमेदवारी करून परीक्षेला बसण्याची वाट बंद झाली, आणि 2022 नंतर व्यवसायप्रवेशासाठीच्या बॅचलर अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेता येईनासे झाले. समुपदेशनात 1981 पासून अधिस्वीकृतीची व्यवस्था आली. तिच्या निकषांप्रमाणे आज 60 क्रेडिट, 100 तासांचं प्राथमिक प्रात्यक्षिक आणि त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप.

हे सगळं वाढवून ठेवलेलं ओझं आहे, असं आम्हाला वाटत नाही. उष्माघाताने कोसळलेला खेळाडू घ्या. हात लावून ताप पाहणं तिथे कामाचं नाही. शरीराच्या आतलं तापमान गुदद्वारातूनच मोजावं लागतं, पोराला बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवावं लागतं आणि तापमान उतरल्यावरच रुग्णवाहिकेत घालायचं असतं. आधी थंड करा, मग हलवा. भोवती प्रशिक्षक आणि आईबाप दवाखान्याची घाई करत असताना हे ठामपणे करायला शिक्षण लागतं, आणि सरावही. मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर 2018 मध्ये सरावात कोसळला, तेव्हा त्याला असं पाण्यात ठेवलं गेलं नाही. पंधरवड्यात तो गेला. वय 19. विद्यापीठाने जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्याउलट जानेवारी 2023 मध्ये सिनसिनाटीत फुटबॉलपटू डॅमर हॅमलिनचं हृदय मैदानातच थांबलं. त्याच्या बफेलो बिल्स संघाचे ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली आणि हॅमलिन पुढे पुन्हा खेळला.

समुपदेशकाच्या शिक्षणातलं कठीण काम दिसत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. विद्यार्थिनीच्या सत्राचं रेकॉर्डिंग चालू असतं, मार्गदर्शक मध्येच थांबवून विचारतात, “समोरचा गप्प झाला तेव्हा तू लगेच प्रश्न का टाकलास?” उत्तर बहुधा एकच असतं: ती शांतता तिलाच सोसवली नव्हती. हे दर आठवड्याला, कित्येक महिने चालतं. पुस्तक वाचून ते येत नाही.

म्हणजे पदवी उंचावली ते योग्यच झालं. चूक झाली ती पैशाच्या बाजूला. अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश हायस्कुलांत आजही ॲथलेटिक ट्रेनर नाही. शाळेत दर 250 मुलांमागे एक समुपदेशक असावा, ही व्यावसायिक संघटनेची शिफारस, पण देशाची सरासरी अजून तिच्यापासून बरीच दूर आहे. 2022 च्या कायद्याने शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी सुमारे 1 अब्ज डॉलर दिले होते, त्यातून समुपदेशक घडवण्याचे कार्यक्रमही चालत. एप्रिल 2025 मध्ये ती अनुदानं थांबवण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. गरीब वस्तीतल्या शाळेत काम करू पाहणाऱ्या मुलीने दोन-तीन वर्षांचं शिक्षण कर्जावर घ्यायचं, इंटर्नशिपचे तास बहुतेकदा बिनपगारी भरायचे आणि नंतर शाळेच्या पगारात हप्ते फेडायचे. ती खासगी दवाखान्याकडे वळली तर तिला दोष कसा द्यायचा?

पार्सन्सचा धागा आपल्याकडेही जुना आहे. मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र 1950 मध्येच काढलं होतं. आता जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गडचिरोलीच्या आश्रमशाळेला असा माणूस कुठून मिळणार? जाहिरात देऊन मिळणार नाही. त्याच जिल्ह्यातल्या शिक्षिकेला पगारी रजेवर पदव्युत्तर शिक्षणाला पाठवावं लागेल, तिच्या जागी बदली शिक्षक द्यावा लागेल, आणि तिची सत्रं ऐकणाऱ्या मार्गदर्शकाचं मानधनही शालेय शिक्षण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांच्या अंदाजपत्रकात वेगळं दाखवावं लागेल.