बैलाचे दात बघता, मग गाडीचं इंजिन का नाही?



कांद्याची पट्टी हातात पडली की आपल्याकडं एक प्रश्न हमखास सुरू होतो. "दादा, २०१३ ची मोठी एसयूव्ही मिळतेय, दीड लाख किलोमीटर पळालीय, साडेचार लाख म्हणतोय. घेऊ का?" या हंगामात इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथंच एकदा लिहून टाकतो.

उत्तर आधी, कारणं नंतर. ज्याला कर्ज काढून घ्यावी लागतेय त्यानं घेऊ नये. ज्याच्याकडं रोख आहे, आणि वर लाखभर बाजूला ठेवता येतोय, त्यानं खुशाल घ्यावी. पण बैल घेतल्यासारखी पारखून घ्यावी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शेतकऱ्यानं गाडी घेतली की शहरातल्या काही लोकांना लगेच कर्जमाफी आठवते. "दारात गाडी आहे आणि अनुदान मागतो." त्या टोमण्याशी माझं काही देणंघेणं नाही. म्हाताऱ्या आईला रात्री दोन वाजता तालुक्याला न्यायचं असेल तर गाडी लागतेच. पावसाळ्यात वस्तीवरचा रस्ता ज्यानं बघितलाय त्याला उंच गाडी का लागते हे सांगायची गरज नाही. माझं भांडण गाडीशी नाही. ती "स्वस्तात मिळाली" असं म्हणण्याशी आहे.

स्वस्त म्हणजे काय? हिशेब मांडू. दर माझ्या तालुक्यातले आहेत, अंदाजाचे आहेत, तुमच्याकडं थोडं इकडंतिकडं होईल.

साडेचार लाखाची गाडी, पन्नास हजार रोख, चार लाख कर्ज. जुन्या गाडीचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं. १४ टक्के धरा, मुदत चार वर्षं. हप्ता महिन्याला १०,९३० रुपये. चार वर्षांत सव्वा लाख नुसतं व्याज. आता वर्षाचा खर्च बघा:

हप्ते: १,३१,०००
डिझेल: वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज १२, म्हणजे १,००० लिटर. ९० नं धरलं तरी ९०,०००
विमा: १५,०००
सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती: ४०,०००

बेरीज २,७६,०००. महिन्याला २३ हजार.

यात आल्या आल्या होणारा खर्च धरलेलाच नाही. चार टायर, क्लच, सस्पेन्शनची बुश-बॉल जॉइंट, बॅटरी, सगळी ऑइलं, बेल्ट. दीड लाख पळालेल्या गाडीला यातलं निम्मं तरी पहिल्या सहा महिन्यांत लागतं. विकणाऱ्यानं ते टाळलं म्हणूनच तर तो विकतोय. लाखभर रुपये कुठं गेले कळत नाहीत.

आता हे कांद्यात मोजा. सगळा खर्च जाऊन किलोला चार रुपये उरले, तरी २,७६,००० रुपयांसाठी ६९० क्विंटल कांदा लागतो. एकरी शंभर क्विंटल धरले तर जवळपास सात एकर. म्हणजे सात एकर कांदा तुम्ही लावायचा, निंदायचा, काढायचा, चाळीत राखायचा, आणि तो सगळा त्या गाडीनं खायचा. भाव पडला तर गाडी दहा एकर खाईल. हप्त्याला भाव कळत नाही.

काही जण यावरही तोड काढतात. पीक कर्जातले पैसे गाडीला लावतात. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं. इतका स्वस्त पैसा आपल्याला दुसरीकडं कुठंच मिळत नाही. तो गाडीत अडकला, मुदत चुकली, की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बी-खतासाठी सावकाराचं दार. गाडीच्या पायी सोसायटीचं खातं खराब करू नका, एवढं हात जोडून सांगतो.

"पण गाडी शेतीच्या कामाला येते की." खरंच येते का? कांदा पिकअपमध्ये जातो, खत ट्रॉलीत येतं, फवारणीचा पंप दुचाकीवर जातो. मोठ्या एसयूव्हीत येतात पाहुणे. पाहुणे यावेत, पण त्यांचा खर्च शेतीच्या खात्यात टाकू नये. महिनाभर वहीत लिहा: कुठं गेलो, किती किलोमीटर, गाडी नसती तर काय केलं असतं. खरी गरज वर्षाला तीन हजार किलोमीटरची निघाली, तर १५ रुपये किलोमीटरनं भाड्याची गाडी केली तरी ४५ हजारांत वर्ष निघतं. ड्रायव्हरसकट.

लग्नाचं कारण मला माहीत आहे. दारात गाडी नसेल तर मुलाला मुलगी मिळत नाही, असं घरोघरी बोललं जातं. हे दुःख खरं आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण हप्त्यावरची गाडी दाखवून जमलेलं लग्न पुढं हप्त्यासाठी सुनेचे दागिने गहाण ठेवायला लावतं, तेव्हा त्या पोरीला आपण काय उत्तर देणार? त्याच पैशात शेततळं, ठिबक किंवा चांगली कांदाचाळ झाली, तर ती दाखवायला लाज का वाटावी?

आता ज्यांच्याकडं रोख आहे त्यांच्यासाठी. बाजारात बैल घेताना आपण काय करतो? तोंड उघडून दात बघतो, आदत आहे का जुळलाय ते बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. गाडी घेताना काय बघतो? टायरचं पॉलिश, सीट कव्हर आणि गाण्याचा आवाज. विकणारा सांगतो, "डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड." एवढ्या डॉक्टरांनी एवढ्या गाड्या कधी विकल्या?

मागच्या महिन्यात पुतण्याबरोबर अशीच एक गाडी बघायला गेलो. बोनेटला हात लावला तर गरम. आम्ही यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. म्हटलं, उद्या सकाळी सातला येतो, तोवर चावी फिरवू नका. तर म्हणे, उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. आम्ही निघालो. गार इंजिन दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडं पुढचं काही बघायचंच नाही.

गार इंजिन पहिल्यांदा चालू करताना मागं उभं राहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या वाटेत काहीतरी. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असेल. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवा. ते जोरात नाचायला लागलं, भकाभका धूर आला, तर रिंगा गेल्या समजा. झाकणाच्या आत ताकासारखं पांढरट दिसलं तर तिथूनच घरी या.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, पुरात काय काय बुडालं ते आपण बघितलंय. मॅट उचला, स्पेअर व्हीलची जागा बघा, खाली झोपून चेसिसचा गंज बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि किलोमीटर जुळवा. हे जमत नसेल तर स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत न्या. दोन हजार घेईल, दोन लाख वाचवेल.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. आपण ट्रॅक्टरसाठी डिझेल कॅनमध्ये, ड्रममध्ये आणून ठेवतो. त्यात पाणी जातं, कचरा जातो. जुना ट्रॅक्टर ते निमूट पचवतो. कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर पचवत नाहीत. ड्रममधलं डिझेल अशा गाडीत ओतू नका, आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदला.

आणि "नवीन मॉडेल तेवढं भरवशाचं" हेही डोळे झाकून धरू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. वस्तीवरून गावात, गावातून वस्तीवर, असं दोन-दोन किलोमीटर चालवलं तर तो चोंदतो. अशा वापराला आधीची साधी गाडी जास्त सोयीची पडू शकते. तुमचा रस्ता बघून गाडी ठरवा, मॉडेलचं वर्ष बघून नको.

कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झालीय, पर्यावरण कर वेगळा. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ ला हा खर्च दारात. दिल्लीकडं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं आली, म्हणून तिकडच्या गाड्या इकडं स्वस्त दिसतात. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी धरून किंमत काढा, मग स्वस्त म्हणा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. १५०० सीसीच्या वरच्या इंजिनाला जून २०२२ च्या दरानं नुसता थर्ड पार्टी विमाच ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी. १००० ते १५०० सीसीला तोच ३,४१६.

आणि गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तुम्ही विकणारे असाल तर दुप्पट घाई करा. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की विकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. "करू की नंतर नावावर" या एका वाक्यात जमीन विकायची वेळ येऊ शकते.

आमच्या शिवारात अशा तीन एसयूव्ही लिंबाखाली उभ्या आहेत. एकीच्या टपावर मिरच्या वाळतात. तिन्ही घेताना स्वस्तातच मिळाल्या होत्या.

कृषी सहायक आणि कंपन्यांच्या सल्लागार मित्रांनाही एक विनंती. एकरी उत्पादन वाढवायचे धडे तुम्ही चांगले देता. ते वाढलेलं उत्पादन कुठं जातं, याचाही हिशेब एखाद्या शिवार बैठकीत मांडा. पोरं तुमचं ऐकतात.

रोख आहे, दुसरी दुचाकी घरात आहे, वीस किलोमीटरमध्ये त्या गाडीचा जाणता मेकॅनिक आहे, पार्ट तालुक्याला मिळतात आणि गार इंजिन साफ आहे. या पाचही गोष्टी जुळल्या तर घ्या, पेढे मला पण आणा. एक जरी अडली तर पट्टीचे पैसे खात्यात राहू द्या. पुढचं रोप टाकायला लागणारच आहेत.