गोव्याची सरासरी आणि आमची चूल



गोव्याचे दरडोई उत्पन्न पाच लाखांच्या वर, देशात वरच्या क्रमांकावर, असे दरवर्षी पेपरात येते. म्हणजे चार माणसांच्या घरात वर्षाला वीस लाख! मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्यावर किती रापणकारांच्या घरात वीस लाख येतात, ते कोणीतरी आम्हाला दाखवावे. आकडा खोटा नाही हो. पण तो आमचा नाही.

हा आकडा काढताना औषधांचे कारखाने, हॉटेले, बांधकाम, बँका, सगळ्यांची वर्षाची उलाढाल धरून त्यातून राज्याचे उत्पन्न काढतात आणि लोकसंख्येने भागतात. कंपनीचा नफा गोव्याबाहेर गेला तरी भागाकारात तो आपल्या डोक्यावर येतो.

साधे उदाहरण घ्या. समजा वाड्यावर पाच घरे. चार घरांचे वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार, १ लाख ५० हजार, १ लाख ८० हजार आणि २ लाख ५० हजार. पाचवे घर रिसॉर्टवाल्याचे, ४० लाख. सरासरी निघते ९ लाख ४० हजार. पाचही घरे कमी-जास्त क्रमाने ओळीत उभी करून मधले बघितले तर १ लाख ८० हजार. या मधल्या घराच्या उत्पन्नाला मध्यक म्हणतात. वाड्याची खरी परिस्थिती कुठला आकडा सांगतो, ते तुम्हीच ठरवा.

आमचे म्हणणे एवढेच: सरकारने प्रत्येक तालुक्याचे मधल्या घराचे उत्पन्न काढावे. जिल्ह्याचे काढून भागणार नाही. उत्तर गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी, बार्देश, तिसवाडी असे पाच तालुके. पणजीचा पगारदार आणि तेरेखोलचा होडीवाला एकाच टोपलीत! डिचोलीत २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रकवाले, बार्जवाले घरी बसले. पेडण्यात २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जमिनीचे भाव चढले. पण जमिनीचा भाव म्हणजे घरातली कमाई नव्हे. दोन तालुक्यांची दुखणी वेगळी, औषध एक कसे चालेल?

हे अशक्य आहे का? अमेरिकेत काउंटी म्हणून आपल्या जिल्ह्यासारखा भाग असतो. तिथले जनगणना खाते दरवर्षी प्रत्येक काउंटीचा हा मधला आकडा काढते. लहान काउंटीत पाहणीला थोडीच घरे सापडतात, तेवढ्यावर आकडा डळमळतो. म्हणून पाहणीला आयकराच्या आणि अन्नमदतीच्या नोंदींची जोड देऊन अंदाज बांधतात, आणि तो किती चुकू शकतो तेही सोबत छापतात. आपल्याकडे आयकर भरणारे थोडे, पण रेशनकार्ड, वीजबिल, गृह आधारच्या नोंदी, होड्यांची नोंदणी आहेच की. कोणाचे नाव उघड न करता ही माहिती वापरता येते.

देशात आजवर मुख्यतः खर्चाची पाहणी झाली. उत्पन्न विचारायचे प्रयत्न पूर्वी झाले, पण लोकांनी सांगितलेली कमाई त्यांच्या खर्च आणि बचतीपेक्षाही कमी भरली, म्हणून ते सोडून दिले. आता केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केले की फेब्रुवारी २०२६ पासून घरोघरच्या उत्पन्नाची देशभर पाहणी होणार.

इथे आमचीही चूक कबूल करायला हवी. 'महिन्याला किती मिळतात?' विचारले की आपण तोंडाला येईल तो आकडा सांगतो. गृह आधारला तीन लाखांची मर्यादा, म्हणून कमीच सांगतो. कर्ज हवे असले की तेच उत्पन्न वाढते! आणि खरे सांगायचे तरी महिन्याचा आकडा आणायचा कुठून? एक दिवस बांगडा भरपूर, तर भाव पडलेला. दुसऱ्या दिवशी भाव आहे, तर जाळे रिकामे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी. त्यात इंधन, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती वजा करायची, मग वाटे पाडायचे. घरची बाई पाटी घेऊन विकते ती कमाई तर कोणी धरतच नाही.

म्हणून सोसायटीचा विचार असा आहे. प्रत्येक सभासदाने एक वही घालावी. आठवड्याचा वाटा, खर्च, घरातल्या बाईची विक्री, खोली भाड्याने असेल तर तेही. बारा महिने. पाहणीवाला दारात आला तर वही समोर ठेवून वर्षाचे खरे सांगावे. आज चार पैसे लपवून एखादी योजना मिळेल, पण आपण सगळेच खोटे बोललो तर आपल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? मग परत तीच सरासरी आपल्या माथी, आणि 'गोवेकर श्रीमंत, त्यांना मदत कशाला?' हे ऐकून घ्यायचे.

वही कशी भरायची ते सोसायटीच्या कचेरीत दाखवू. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांना सोबत आणावे.