मासा आजारी आहे, हे कसे ओळखावे?

पोराच्या हट्टापायी एका खोलीच्या संसारातही माशांची काचपेटी येते. चार दिवस सारे घर तिच्याभोवती गोळा होते. आठवड्याने एखादा मासा उताणा तरंगतो आणि पोर जेवत नाही. आम्ही म्हणतो, बहुतेक मासे एका रात्रीत मरत नाहीत. दोन-तीन दिवस आधीपासून त्यांची लक्षणे दिसत असतात.

खाणे टाकताना नीट पाहावे. चांगला मासा धावून येतो. जो कोपऱ्यात पर मिटून बसतो किंवा खाणे तोंडात घेऊन थुंकतो, त्याच्यावर नजर ठेवावी. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आणि मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो 'इक' नावाच्या परजीवीचा रोग. तो पेटीतल्या सगळ्या माशांना लागतो. कातडीत शिरलेल्या परजीवीवर औषध चालत नाही. तो सुटून पाण्यात आला की मगच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध काही दिवस चालू ठेवावे. पोट फुगून खवले उभे राहिले, तर मासा सहसा वाचत नाही. हे पोराला सरळ सांगावे.

पण सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर औषधाच्या बाटलीला पैसे घालण्याआधी पाण्याकडे बघा. माशांची घाण आणि उरलेले खाणे कुजून पाण्यात अमोनिया होतो. पाणी नितळ दिसले तरी त्यात हे विष असू शकते. ते पचवणारे जंतू नव्या पेटीत वाढायला महिनाभर तरी लागतो. आपल्या मायबहिणींना भांडे लख्ख घासायची सवय! पेटीतले खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासले, की ते कामाचे जंतूच जातात. त्यापेक्षा दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, म्हणजे क्लोरिन उडून जातो. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच, चिमूटभर टाकावे. आणि सोनमासा वीतभर वाढतो. बरणीएवढ्या गोल भांड्यात त्याला ठेवणे आम्हांला पटत नाही.

वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी पेटीतलेच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून हळूहळू परत ओतत राहावे. हे काम पोराकडे द्यावे.