शिट्टी, सहरी आणि 'स्मार्ट' स्वयंपाकघर

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. गल्लीत काळोख असतो, पण रमजानच्या महिन्यात दर चार-पाच घरांआड एका खिडकीत दिवा दिसतो. ती खिडकी बहुधा स्वयंपाकघराची असते. घरातली बाकीची माणसे अर्ध्या-पाऊण तासाने उठणार असतात. त्यांच्या आधी उठलेली बाई कणीक मळते, रात्रीचे सालन गरम करते, चहाचे आधण ठेवते आणि मग एकेकाला हाक मारते. संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांच्या हाती खजूर आल्यावर ती सर्वांत शेवटी टेकते. रात्री तरावीहहून माणसे परततात तेव्हा तिची भांडी अजून आवरायची असतात. महिनाभर तिला सर्वांत कमी काय मिळत असेल, तर ती झोप.

ईदच्या खरेदीचे दिवस जवळ आले की शहरातल्या उपकरणांच्या दुकानांत 'स्मार्ट' या शब्दाची पाटी ठळक होते. फोनवरून चालणारा ओव्हन, आतले चित्र दाखवणारा फ्रिज, अॅपला जोडलेला कुकर, बोललेले ऐकणारी चिमणी अशी ही यादी दरवर्षी लांबत जाते आणि किंमतही तिच्याबरोबर चढते. घेणाऱ्याला प्रश्न पडतो, याने घरात खरोखर काही सोपे होते का? या प्रश्नाचे माप दुकानात सापडत नाही. ते पहाटेच्या त्या खिडकीत सापडते. नवे यंत्र त्या बाईला अर्धा तास जास्त झोपू देते की नाही, एवढेच पाहायचे.

यंत्रातली हुशारी ही काही आजची गोष्ट नाही. जपानमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये तोशिबा कंपनीने स्वयंचलित राइस कुकर विक्रीला आणला. तो तयार केला योशितादा मिनामी यांनी, आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून तो पारखला. युक्ती साधी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचे. ते आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपास थांबते; आटले की झपाट्याने वर चढते. त्या क्षणी दोन धातूंची पट्टी वाकते आणि बटण बंद होते. भात शिजला हे यंत्राला कळते. ना इंटरनेट, ना फोन, ना पासवर्ड. भाताच्या भांड्यापाशी उभे राहण्याचे काम मात्र संपले.

आपल्याकडची उदाहरणेही अशीच आहेत. हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे प्रेशर कुकर १९५९च्या सुमारास बाजारात आले. वाफ कोंडली की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून तूर डाळ आणि मटण लवकर शिजते. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने 'सुमीत' मिक्सरची वाट धरली ती घरच्याच गरजेतून. परदेशी मिक्सर इडलीच्या पिठापुढे आणि सुक्या मसाल्यापुढे हात टेकत होता. भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर हवी होती आणि ती त्यांनी बनवली. पाटा-वरवंट्यावर मसाला वाटणाऱ्या किती मनगटांना त्याने आराम दिला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. या तिन्ही यंत्रांत एक गोष्ट समान आहे. आधी कुणीतरी स्वयंपाकघरातला त्रास पाहिला आणि मग यंत्र केले.

गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळदा याच्या उलट घडले. एलजीने २००० साली इंटरनेटला जोडलेला फ्रिज आणला. त्याची किंमत २० हजार डॉलरच्या वर होती. तो चालला नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये 'ज्युसेरो' नावाचे वायफायवाले रसयंत्र सुमारे ७०० डॉलरला निघाले. कंपनीच्याच पाकिटातला रस ते काढून देई. पुढच्याच वर्षी पत्रकारांनी दाखवून दिले, की तेच पाकीट हाताने पिळले तरी रस निघतो. काही महिन्यांत कंपनी बंद झाली. फ्रिजमध्ये दूध आहे की नाही हे पाहायला दार उघडावे लागणे, हा मुळात त्रासच नव्हता. नसलेल्या त्रासावर महागडा इलाज विकायला निघाले की असे होते.

म्हणून सगळेच टाकाऊ ठरवणेही योग्य नाही. टायमर ही साधी सोय घ्या. रात्री तांदूळ-पाणी घालून वेळ लावून ठेवली, की सहरीच्या वेळी भात किंवा दलिया तयार मिळतो. ओट्यापाशी उभे राहावे लागत नाही. वेळ झाली की आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी पेंगुळलेल्या डोळ्यांना मोठा आधार आहे. दूध उतू जाणे आणि भांडे करपणे दोन्ही टळते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो आणि वीज वाचवतो. सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये सुरू केलेल्या ताऱ्यांच्या पट्टीवर ते पडताळूनही पाहता येते. गॅसगळती ओळखून कर्कश वाजणारे छोटे यंत्र तर झोपलेल्या घराचा पहारेकरीच. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना वाकून बटणे वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी आवाजावर चालणारे यंत्र ही चैन नाही. गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी कळते. एकट्या राहणाऱ्या आजीने 'वीस मिनिटांचा टायमर लाव' म्हणावे आणि तो लागावा, ही खरी सोय आहे.

पण टायमरलाही स्वयंपाकघराचे नियम पाळावे लागतात. रात्री दहाला कच्चे मटण कुकरमध्ये घालून पहाटे चारला शिजायला लावणे धोक्याचे आहे. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत आणि शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यंत्राला वेळ कळते, मटण किती वेळ बाहेर राहिले ते कळत नाही. खिचड्यासाठी गहू रात्री भिजवावेत, मटण मात्र फ्रिजमध्ये असावे, हे शहाणपण घरातल्या बाईलाच वापरावे लागते.

यंत्राला न कळणारी आणखी एक गोष्ट आहे. रोजाच्या दिवशी दुपारी चारला इफ्तारची तयारी सुरू होते, तेव्हा रांधणारीचाही रोजा असतो. मीठ चाखून पाहणे बहुतेक घरांत टाळले जाते. कढईतून येणारा वास, उलथन्याला लागणारी घट्टी, तेलाचा तवंग कधी सुटला, यावरच ती अंदाज बांधते. शेजारच्या हिंदू घरातही हे ओळखीचे आहे. नैवेद्याचा स्वयंपाक देवाला दाखवण्याआधी चाखायचा नसतो. पुरणाची गोडी आणि आमटीचे मीठ हातालाच ठाऊक असते. दोन्ही घरांतल्या या हातांची हुशारी कुठल्याही संवेदकात उतरलेली नाही. तांदूळ जुना की नवा, तूर कोणत्या गावची, मिरची किती जहाल, यावर पाणी आणि वेळ बदलते. अॅपमधली 'बिर्याणी'ची कळ हे सगळे एकाच मापाने मोजते. ज्याला काहीच येत नाही त्याला ती पहिल्यांदा हात धरून नेईल, हे खरे. परंतु ज्या हातांना सगळे येते, त्यांना ती बहुधा आडवी येते.

आता कुकरची शिट्टी आठवा. ती सगळ्या घराला ऐकू जाते. स्वयंपाकघरातली बाई दुसऱ्या कामात असली तरी अंगणातून कुणीतरी ओरडते, 'तीन झाल्या, बंद कर.' शिट्टी कुणाच्या मालकीची नसते. अॅपचा निरोप मात्र एकाच फोनवर येतो, आणि तो फोन कुणाचा असतो? पुष्कळ घरांत यंत्र जोडून देतो तो कॉलेजात जाणारा मुलगा. खाते त्याचे, पासवर्ड त्याचा, सूचना इंग्रजीत. तो बाहेर गेला की आईच्या हाती उरते ते एक महागडे भांडे आणि त्यावरची न कळणारी चित्रे. रांधणारी एक आणि चावी दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून यंत्र घेताना पहिली अट हीच असावी, की फोन नसताना, वायफाय नसताना, वीज जाऊन आल्यावरही ते नुसत्या बटणावर नीट चालले पाहिजे. सहरीची वेळ संपायला दहा मिनिटे असताना 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' हे वाक्य कुणालाही वाचायचे नसते.

दुसरी अट आयुष्याची. घरातला मिक्सर पंधरा वर्षे चालतो. ब्रश झिजले, जार गळला, तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तासाभरात हाती देतो. स्मार्ट यंत्राचे आयुष्य त्याच्या लोखंडावर ठरत नाही, कंपनी किती वर्षे त्याचे सॉफ्टवेअर सांभाळते त्यावर ठरते. 'रिव्हॉल्व्ह' नावाचे घरातली उपकरणे जोडणारे यंत्र मे २०१६ मध्ये कंपनीने सेवा थांबवताच निकामी झाले. त्यात काहीही मोडलेले नव्हते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये १८४ स्मार्ट उत्पादनांची माहिती तपासली, तेव्हा जवळपास ८९ टक्के उत्पादनांच्या संकेतस्थळावर ही मुदत सांगितलेलीच नव्हती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने ती जाहीर करावी लागते आणि सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यास मनाई आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात घरगुती उपकरणेही घेतली, ही चांगली सुरुवात आहे. ताऱ्यांच्या पट्टीशेजारी 'इतकी वर्षे सांभाळू' अशी एक ओळ सक्तीची झाली, तर ग्राहकाला डोळे उघडे ठेवून पैसे मोजता येतील. तोवर दुकानदाराला तोंडी तरी विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही, तर तेच उत्तर समजावे.

एवढे सगळे तपासून योग्य यंत्र घरी आणले, तरी मूळ प्रश्न सुटतोच असे नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक विलक्षण गोष्ट मांडली. घरगुती यंत्रे आली तशी पुरुषांची आणि मुलांची कामे कमी झाली, पण घरच्या बाईचे तास फारसे घटले नाहीत. धुलाई यंत्र आले तसे कपडे रोज बदलू लागले. शेगडी सुधारली तशी ताटातले पदार्थ वाढले. आपल्याकडेही तेच दिसते. एअर फ्रायर आला म्हणून इफ्तारला दोन पदार्थ कमी होत नाहीत, उलट 'आता सोपे झाले आहे ना' म्हणून दोन वाढतात. यंत्राने वाचवलेला वेळ नव्या फर्माइशी खाऊन टाकतात.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ. दोघांमधले अंतर जवळपास जिथल्या तिथे राहिले. हा आकडा कुठल्या एका धर्माच्या घराचा नाही. रमजानची पहाट असो, गौरी-गणपतीचे दिवस असोत की नाताळची आदली रात्र, स्वयंपाकघरातला दिवा सगळीकडे एकाच माणसासाठी आधी लागतो आणि उशिरा विझतो.

तेव्हा घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे. टायमर, आपोआप बंद होणारी शेगडी, वीज वाचवणारा फ्रिज, गॅसगळतीचा इशारा या सोयी पैसे वसूल करतात. कॅमेरा, पडदा आणि अॅप यांच्यासाठी जादा मोजण्याआधी, ज्या हातांनी ते यंत्र चालणार आहे त्यांना दुकानात सोबत न्यावे, बटणे त्यांनाच दाबून पाहू द्यावीत आणि पसंतीही त्यांचीच असावी. ईदची भेट म्हणून आईला दिलेले यंत्र तिच्या कामाचे आहे की देणाऱ्याच्या हौसेचे, याचा उलगडा तिथेच होतो.

आणि सहरीसाठी सर्वांत उपयोगी सोय अजून कुठल्याही खोक्यात मिळत नाही. साडेचारला घरातल्या आणखी एकाने उठावे, चहाचे आधण ठेवावे, रात्रीची भांडी आधीच घासून ठेवलेली असावीत. तिला पाच वाजता हाक मारावी आणि सांगावे, 'उठ, सगळे तयार आहे.' त्या अर्ध्या तासाच्या झोपेत जी बरकत आहे, ती अकरा महिने पुढेही पुरेल.