डायपरवरील ‘नैसर्गिक’ या शब्दाचे मोल

अमेरिकेत डायपरच्या पाकिटावर छापल्या जाणाऱ्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला संघराज्याच्या पातळीवर कोणतीही ठरलेली व्याख्या नाही. व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने पर्यावरणविषयक जाहिरातींसाठीची आपली मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये सुधारून घेतली, तेव्हा ‘विघटनशील’ किंवा ‘पुनर्चक्रणयोग्य’ अशा शब्दांचे अर्थ बांधून दिले, परंतु ‘नैसर्गिक’ला मात्र हात लावला नाही. तरीही ज्या बाळाला वरचेवर पुरळ उठते त्याचे आईवडील हिरवे पान किंवा कापसाचे बोंड छापलेले पाकीट बरीच जास्त किंमत मोजून उचलतात, कारण जे निसर्गातून आले ते त्वचेला मानवणारच, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासून घेण्याची गरज आहे. संवेदनशील त्वचेच्या बाळासाठी डायपर कशापासून बनला आहे, यापेक्षा त्यात काय घातलेले नाही आणि तो ओल किती लवकर त्वचेपासून दूर नेतो, यालाच खरे महत्त्व आहे.

डायपर कात्रीने कापून हलकेच झटकला, तर लाकडाच्या लगद्याच्या कापसासारख्या पुंजक्यांतून बारीक साखरेसारखे पांढरे कण गळतात. त्यांवर चमचाभर पाणी टाकताच ते फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसू लागतात आणि मग बोटाने दाबले तरी पाणी सोडत नाहीत. हे कण सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाच्या अतिशोषक बहुवारिकाचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंचे असतात. ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषतात. मूत्रातील क्षारांमुळे ही क्षमता साधारण तीस पटींपर्यंत घसरते, पण दाब पडला तरी धरलेले पाणी न सोडण्याचा त्यांचा गुण कायम राहतो, आणि तो कापसात नाही, नुसत्या लगद्यातही नाही. हा पदार्थ पूर्णपणे कारखान्यात जन्मलेला असून, ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या बहुतेक डायपरांच्या गाभ्यातही तोच असतो. निसर्गाचा वाटा येतो तो मुख्यतः वरच्या आणि खालच्या थरांत, आणि तेथेही शब्दांची गल्लत होते. बाहेरच्या आवरणाचे पॉलिइथिलीन पेट्रोलियमऐवजी उसापासून काढलेल्या इथेनॉलपासून बनवता येते. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या वाचकाला उसाचे हे नवे रूप सुखावेलही, पण तयार होणारा रेणू तोच असल्यामुळे त्वचेच्या दृष्टीने दोहोंत काहीच फरक पडत नाही. बांबूची गोष्टही निराळी नाही. बांबूचा मऊ धागा म्हणून जो विकला जातो तो बहुधा बांबूचा लगदा तीव्र रसायनांत विरघळवून काढलेला रेयॉन असतो, आणि असा रेयॉन ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल याच कमिशनने २००९ मध्ये काही कापडविक्रेत्यांवर कारवाई केली होती.

पुरळ का उठते हे समजले की या कारखानी कणांचे महत्त्व ध्यानात येते. ओली त्वचा फुगते व मऊ पडते, मग डायपरच्या घर्षणाने तिचा वरचा थर सोलवटतो. त्यातच मलातील जंतूंची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यामुळे त्वचेची स्वाभाविक आम्लता घटते, आणि आम्लता घटताच प्रथिने व मेद पचवणारी मलातील इतर विकरे अधिक जोमाने त्वचेवरच काम करू लागतात. या साखळीचा पहिला दुवा ओल हा आहे. तेव्हा ‘रसायनमुक्त’ म्हणवण्यासाठी अतिशोषक कण कमी केलेला डायपर वारंवार बदलला नाही, तर तो नाजूक त्वचेला साध्या डायपरपेक्षा अधिक त्रासदायक ठरण्याचीच शक्यता आहे. या कणांविषयीची भीती १९८० च्या सुमारास अमेरिकेत टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांना झालेल्या गंभीर आजाराच्या गाजलेल्या प्रकरणातून आली आहे; परंतु तो आजार शरीराच्या आत ठेवल्या जाणाऱ्या वस्तूच्या सान्निध्यात वाढणाऱ्या जिवाणूच्या विषामुळे होत असे, आणि त्याचा बाहेरून बांधायच्या डायपरशी संबंध जोडता येत नाही.

असे असले तरी हिरव्या पाकिटांची बाजू अगदीच लंगडी नाही, कारण त्यांपैकी पुष्कळ उत्पादक सुगंध, लोशन आणि रंगीत छपाई टाळतात, आणि त्वचेला खरा लाभ होतो तो या टाळण्याचा. अडचण तेव्हा येते, जेव्हा सुगंधी रसायनाच्या जागी लॅव्हेंडरचे तेल किंवा कॅलेंड्युलाचा अर्क घातला जातो. कॅलेंड्युला आपल्या शेवंती-झेंडूच्या कुळातील वनस्पती असून या कुळाची ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांना चांगलीच परिचित आहे. क्लोरीनची भाषाही नीट वाचावी लागते. पूर्णतः क्लोरीनमुक्त लगदा ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने शुभ्र केलेला असतो, तर ‘मूलद्रव्यरूपी क्लोरीन न वापरता’ केलेल्या लगद्यासाठी क्लोरीन डायऑक्साइड वापरलेला असतो. एफएससी हे चिन्ह लाकूड कोणत्या जंगलातून आले याची ग्वाही देते, बाळाच्या त्वचेची नव्हे. फ्रान्सच्या अन्सेस या आरोग्यसुरक्षा संस्थेने २०१९ च्या जानेवारीत डायपरांत काही घातक द्रव्यांचे अंश आढळल्याचे सांगून सुगंध काढून टाकण्याची शिफारस केली. पुढे फ्रान्सने मांडलेल्या युरोपव्यापी निर्बंधाच्या प्रस्तावावर युरोपीय रसायन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये धोका सिद्ध होत नसल्याचे मत दिले. भीतीपोटी पैसे खर्च करण्यापूर्वी पालकांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात.

डायपरचा प्रकार बदलण्याआधी पुरळ नेमके कोठे आहे हे पाहिले, तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. ओल आणि घर्षणाचे पुरळ नितंबांच्या फुगीर भागावर असते आणि जांघेच्या वळ्या बहुधा कोऱ्या राहतात. वळ्यांतच ते दाट असेल आणि कडेला सुटे ठिपके असतील, तर कॅन्डिडा या बुरशीचा संशय घ्यावा, आणि बुरशी कोणत्याही पाकिटाने जात नाही, तिला औषधच लागते. कंबरेच्या दोन्ही बाजूंना आणि मांड्यांच्या बाहेरच्या कडेला पट्टे उमटले असतील, तर लवचीक कडांतील रबर-रसायने किंवा गोंद यांच्या ॲलर्जीचा विचार करावा. कंबरेला पिस्तुलाचे म्यान लटकवणाऱ्या काउबॉयवरून वैद्यकीय लेखनात या रूपाला लकी ल्यूक या चित्रकथेतील नायकाचे नाव मिळाले आहे. काही वेळा दोष डायपरचा नसून ओल्या वाइप्समधील मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाचा असतो. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साठी त्यालाच ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले होते. ज्या बाळाला एक्झिमा आहे त्याची डायपरखालची त्वचा सहसा त्यातून सुटलेली असते, म्हणून गालांवर आणि हातापायांवर एक्झिमा आहे एवढ्यावरून महागड्या डायपरची गरज सिद्ध होत नाही. मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पुस्तकांतील चित्रांत गोऱ्या त्वचेवर पुरळ लालबुंद दिसते, पण सावळ्या त्वचेवर ते जांभळट, तपकिरी किंवा नुसतेच काळपट दिसते, आणि त्यामुळे उपचाराला उशीर होतो.

तेव्हा सुगंध, लोशन आणि कडेला गडद रंग नसलेला, मापाला बरोबर बसणारा आणि चांगला शोषणारा कोणताही डायपर, मग त्याच्या पाकिटावर पान असो वा नसो, प्रथम आजमावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे आधी वाइप्सऐवजी कोमट पाणी आणि मऊ कापड, मग डायपर. दोन्ही एकदम बदलले तर गुण कशाचा हे कधीच कळत नाही. डायपरवरची ओल दाखवणारी पिवळी रेघ निळी होण्याची वाट न पाहता, विशेषतः शी झाल्यावर, डायपर लगेच बदलावा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यावा. बाळंतपणासाठी भारतातून आलेल्या आजीच्या सामानातील पावडरचा डबा मात्र बंदच राहावा, कारण ती श्वासावाटे फुप्फुसांत जाते म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ तिला मनाई करतात. त्याच सामानात जुन्या सुती साडीची दुपटी असतात, आणि त्यांचा खरा उपयोग रात्रभर बांधलेल्या लंगोटासारखा करण्यात नाही, कारण भिजलेले सुती कापड ओल त्वचेलाच चिकटवून ठेवते. दुपारी मेणकापडावर दुपटे अंथरून बाळाला अर्धा तास उघडे लोळू द्यावे, आणि दुपटे भिजले की दुसरे अंथरावे.